ताई, बोहोम स्तुती

ताई, जयभीम.

चारचौघात आभार मानले की तू चिडतेस हे माहिताय, पण निकाल लागला, एमए झालं, आणि घरी सगळे "आमची पोरगी परदेशात जाऊन पालि शिकली" असं सांगत सुटलेत, त्यात तुझं नाव कोणीच घेत नाहीये म्हणून हे लिहितेय. वाच आणि मग शिव्या घाल.

जानेवारी २०२२ मध्ये मी श्रीलंकेत, केलनियाला उतरले तेव्हा मला सिंहली शून्य, इंग्रजी कामापुरतं, आणि पालि म्हणजे वंदना पाठ. बास. पहिल्याच दिवशी दुकानात साबण घेतला तर दुकानदार हसून "स्तूतियि" म्हणाला, मला वाटलं माझी टर उडवतोय, कसली स्तुती करतोय हा माझी! तू रस्त्यातच पोट धरून हसलीस आणि सांगितलंस की बाई, इथे थँक्यूला असंच म्हणतात, आणि बोहोम स्तुती म्हणजे खूप खूप थँक्यू.

क्लासमध्ये मात्र हसू येत नव्हतं. लेक्चर इंग्रजीत, हातात दिलेले सुत्तांचे, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांचे, उतारे रोमन लिपीत, आणि लायब्ररीत बुद्ध जयंती त्रिपिटक, म्हणजे सगळ्या पालि धम्मग्रंथांचा इथला संच, काढावं तर तो सिंहली लिपीत, अक्षरं सगळी गोल गोल, भुईमुगाच्या शेंगा पसरून ठेवल्यासारखी. मी आयुष्यभर पालि पाहिली ती देवनागरीत. आजूबाजूला व्हिएतनाम, म्यानमार, बांगलादेशचे भंते, त्यातल्या कितीजणांचं लहानपणापासून पाठांतर झालेलं, आणि मी त्यांच्यात बसून फक्त मान हलवायचे. तिसऱ्या आठवड्यात बॅग भरायला काढली होती हे तुला एकटीलाच माहिती आहे.

तू समजूत वगैरे काही काढली नाहीस. वही घेतलीस, पानावर तीन रकाने आखलेस, सिंहली, रोमन, देवनागरी, आणि मला विचारलंस, तुझी आजी हाताला काय म्हणते? हात. पालित हत्थ. कान, कण्ण. दूध, दुद्ध. आज, अज्ज. भात, भत्त. सात आठ, सत्त अट्ठ. आणि मग आम्ही तुम्ही, ते तर अम्हे तुम्हे, जवळजवळ जसंच्या तसं! मी तिथेच रडले, का ते सांगता येणार नाही. शाळेत माझ्या बोलीला गावठी म्हणून हसलेले सगळे चेहरे आठवले बहुतेक. विभक्ती पाठ करायला पुढे तीन महिने गेले, ते काही जादूने झालं नाही, पण त्या दिवसानंतर बॅग परत काढली नाही.

आणि त्याच रविवारी तू मला बसने कोलंबोतल्या माळिगाकंदला नेलंस, विद्योदय पिरिवेण, म्हणजे भिक्खूंचं जुनं विद्यालय, दाखवायला. गोव्यातले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये इथे सुमंगल महाथेरांकडे पालि शिकायला आले होते, तेव्हा तर त्यांच्या हाताशी ना फोन ना कोणी ताई. आणि आपलं केलनिया विद्यापीठ ज्या विद्यालंकार पिरिवेणातून उभं राहिलं तिथे भदन्त आनंद कौसल्यायन हिंदी शिकवायचे, तेच पुढे नागपूरला राहिले, बाबासाहेबांचा धम्मग्रंथ हिंदीत आणणारे. "या वाटेवर आपण पहिल्या नाही, तेव्हा घाबरायचं कशाला," एवढंच म्हणालीस आणि समोरच्या टपरीवर चहा पाजलास.

मग मार्च आला, श्रीलंकेतलं आर्थिक संकट घेऊन. गॅस गायब, पेट्रोलला किलोमीटरभर रांगा, लाइट रोज जायची, महिनाअखेरीला तर १३ तासांचं भारनियमन. मला पेपर लिहायचा होता तो नेमका तेव्हाच. मेणबत्त्यापण महाग झाल्या होत्या, तू फोनची बॅटरी वाचवून ठेवायचीस आणि टॉर्च माझ्या वहीवर धरायचीस, स्वतःचं पीएचडीचं चॅप्टर बाजूला ठेवून. बोर्डिंगच्या अम्मांनी मागे चूल मांडली ती धुमसतच राहायची, तेव्हा मी पुढे झाले, आणि विदर्भातल्या पोरीला चूल येते हे त्यांना कळल्यावर रोज लाकडं माझ्याच वाट्याला. त्या बदल्यात पोल सांबोल, त्यांची ओल्या नारळाची तिखट चटणी, शिकले. आपल्या ठेच्याला तोड नाही, पण लाल भातावर सांबोल चालतो, हे कबूल.

पेपर थेरीगाथेतल्या, म्हणजे बुद्धकाळच्या भिक्खुणींच्या गाथांमधल्या, पुण्णेवर करायचा हे तूच सुचवलंस. मी काहीतरी भारी, अभिधम्मावर, त्या अवघड तत्त्वज्ञानाच्या भागावर वगैरे करणार होते, इंप्रेशन मारायला. पुण्णा दासी, थंडीत मालकिणींच्या माराच्या भीतीने नदीतून पाणी भरणारी, आणि तीच नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की पाण्याने पाप जात असेल तर बेडूक कासवं सगळी स्वर्गातच जातील की! पहिला शब्दच "उदहारी", पाणी वाहणारी. माझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, पण मालकाच्या घरच्या बैलांना पाणी तिनेच पाजायचं, तेही लांबच्या नाल्यावरून आणून. हे मी पेपरात लिहिलं नाही. प्रेझेंटेशनच्या वेळी मात्र एकदम तोंडून निघालं, मोडक्या इंग्रजीत, आणि वर्ग गप्प झाला. नंतर सरांनी एवढंच विचारलं की आजी आहेत का अजून. आहे म्हटलं.

मार्क चांगले पडले, ते तुला आधीच कळवलंय. आजीला "उदहारी" वाचून दाखवलं तर म्हणाली, हे तर समजते की मले.

तू आता चंद्रपूरला. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी भेट, सांबोल करून आणते, नारळ मात्र इथला. तीन रकान्यांची ती वही माझ्याकडेच आहे आणि मागितलीस तरी देणार नाहीये.

तुझी,
बॅग भरलेली पोरगी