धरणाचा धोका खालच्या वस्तीवरून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाचा मातीचा भराव फुटला आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. सरकारदरबारी ते एक लघु पाटबंधारे धरण होते. दोन हजार हेक्टरपर्यंत सिंचन करणारा प्रकल्प आपल्याकडे लघु गणला जातो. म्हणजे ही वर्गवारी किती जमीन भिजेल ते सांगते, धरण फुटल्यास कोणाची घरे बुडतील ते सांगत नाही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धोक्यानुसार श्रेणी ठरवण्याची तरतूद केली आणि आणीबाणीचा कृती आराखडा पाच वर्षांत तयार करण्याचे बंधन घातले, हे स्वागतार्हच आहे. मात्र हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, तसेच १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूरविसर्ग किंवा अवघड पाया यांसारख्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांनाच लागू होतो. त्याहून कमी उंचीचे गावतलाव आणि पाझर तलाव, त्यांच्या पायथ्याशी वस्ती असली तरी, त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

मातीच्या धरणाला माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. दगडी बांध काही काळ तग धरतो, पण मातीचा भराव काही तासांत खचतो, म्हणून सगळी भिस्त जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्यावर असते. भारतीय मानकानुसार लहान धरणाचा सांडवा साधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखला जातो. असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असली, तरी पन्नास वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के होते. खाली माणसे राहत असतील तर आखणीत याहून मोठा पूर गृहीत धरण्याची मुभा त्याच मानकात आहे. पण धरण बांधल्यानंतर खाली घरे उभी राहिली, तर हा हिशेब पुन्हा कोण मांडतो?

अमेरिकेत १९४८ पासून पूरनियंत्रणासाठी अशी अकरा हजारांहून अधिक लहान धरणे बांधली गेली, त्यांतली बहुतेक मातीची. त्यांची श्रेणी खाली शेती आहे, रस्ता आहे की घरे आहेत यावरून ठरते. एकेकाळी फक्त शेतजमिनीच्या वर असलेल्या अनेक धरणांखाली पुढे वस्त्या झाल्या आणि धरणात काहीही बदल न होता त्यांची श्रेणी वाढवावी लागली. ही श्रेणी धरण कमकुवत असल्याचा शेरा नव्हे. ते फुटल्यास होणाऱ्या हानीचे ते माप आहे. म्हणूनच उत्तम स्थितीतले धरणही सर्वांत धोकादायक श्रेणीत असू शकते, आणि ते तसे नोंदवण्यात कोणाला कमीपणा वाटू नये.

पाटबंधारे खात्यात काम करताना मी अनेक भराव पायी तपासले आहेत. पायथ्याशी झिरपणारे पाणी पेल्यात धरून पाहावे: ते नितळ असेल तर निचरा चालू आहे, गढूळ असेल तर भरावातली माती वाहून जात आहे. उतारावर वाढलेल्या बाभळी, ढासळलेले पिचिंग (उतारावरचे दगडी अस्तर) आणि थोडे पाणी जास्त अडावे म्हणून सांडव्यावर रचलेल्या मातीच्या गोण्या ही लक्षणे गावकऱ्यांनाही दिसतात. या गोण्यांनी सांडव्याचीच क्षमता घटते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

शासनाने उंचीची अट न लावता, ज्यांच्या खाली वस्ती आहे अशा सर्व मातीच्या धरणांची व तलावांची यादी करावी, प्रत्येकाची श्रेणी व धरण फुटल्यास बुडू शकणाऱ्या भागाचा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा, आणि दर पाच वर्षांनी खालची घरे पुन्हा मोजून ही श्रेणी तपासावी. भरावाखाली नव्या घराला परवानगी देण्यापूर्वी हा नकाशा पाहणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक असावे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, रत्नागिरी जिल्हा