आईच्या जुन्या कोटातला बेडूक

प्रिय मित्रा,

फोटो पाहिला. बाहुली देखणी झालीय, पण तू म्हणतोस तसा तिचा चेहरा मख्ख वाटतो, हेही खरं. दोष तुझ्या टाक्यांचा नाही, डोक्यात गच्च कोंबलेल्या कापसाचा आहे. त्यावरून मला टीव्हीवरचा बाहुला-बेडूक केर्मिट आठवला, म्हणून हे लांबण.

हा हिरवा बेडूक मुळात बेडूक नव्हताच. १९५५ साली त्याचा निर्माता, अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन १८ वर्षांचा होता. वॉशिंग्टनमधल्या एका वाहिनीवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम त्याला मिळाला आणि त्यासाठी त्याने आईचा जुना कोट कापला. रंग फिकट, निळसर हिरवा. टेबल टेनिसचा चेंडू मधोमध चिरून दोन डोळे केले, बाहीला जीन्सचं कापड लावलं, तोंडात पुठ्ठा घातला. झालं! तयार झालं ते सरड्याच्या कुळातलं काहीतरी. गळ्यातली टोकदार कॉलर आणि बेडूकपण पुढे काही वर्षांनी आलं.

मला खरी गंमत वाटते ती त्या डोक्यात काय नव्हतं याची. लाकूड नाही, भुसा नाही, कापूस नाही. कापडाच्या आत थेट माणसाचा हात. मूठ जरा आवळली की चेहरा आक्रसतो, बोटं ताणली की तोच चेहरा चकित होतो. लाकडी बाहुलीच्या चेहऱ्यावर एकच भाव कोरलेला असतो. लांब बसलेल्या प्रेक्षकाला तो पुरतोही. टीव्हीवर मात्र कॅमेरा नाकाशी येतो. हेन्सनने तर बाहुल्यांचा छोटा रंगमंचही काढून टाकला, टीव्हीच्या पडद्याची चौकट हाच मंच. आपली बाहुली कशी दिसतेय हे तो मॉनिटरवर बघायचा. म्हणजे कोटाचं मऊ कापड हाताशी आलं ते योगायोगाने, पण कामाला अगदी चपखल बसलं. (ती पहिली बाहुली आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आईचा कोट सत्कारणी लागला म्हणायचा!)

तर तू एवढंच कर. मागची शिवण उसव, कापूस काढ, पुठ्ठा फक्त तोंडापुरता ठेव. वरच्या जबड्यात चार बोटं, खालच्या जबड्यात अंगठा. बोलताना अंगठा खाली ने. बोटं वर उचललीस तर प्रत्येक शब्दाला डोकं मागे पडेल. आणि हो, बुबुळं किंचित आत सरकव, सध्या ती भिंतीकडे बघतेय.

नवा फोटो पाठव. नको, व्हिडिओच पाठव.

तुझाच,
मी