म्हाताऱ्याच्या तळघरातला माल

ओहायो
14 नोव्हेंबर 2021

प्रिय पैलवान,

आमच्या नेमबाजी क्लबातला म्हातारा गेला. गेल्या महिन्यात, झोपेतच. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन मिनिटं हळहळला असतास आणि मग पंचगंगेच्या पुरावर गाडी गेली असती. मला जे बोलायचं आहे ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय हे इथं कुणाशी बोलून उपयोग नाही, ते तुलाच कळेल. का, ते पुढं येईलच.

माझी तब्येत बरी आहे. साखर ताब्यात, गुडघा तसाच. हिची शाळा पुन्हा सुरू झाली.

तर, सगळं आटोपल्यावर बाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला घरी बोलावलं आणि थेट तळघरात नेलं. तुला आठवत असेल ते तळघर, 2017 ला आलास तेव्हा तिथंच त्यानं तुला उडवलेली काडतुसं पुन्हा भरायचं निळं यंत्र दाखवलं होतं आणि तू दांडा ओढून ओढून घाम काढला होतास. यंत्र तसंच बाकाला बोल्ट मारून बसवलेलं आहे. कॉफीच्या डब्यांत .45 पिस्तुलाच्या उडवलेल्या, रिकाम्या पुंगळ्या, धुऊन, निवडून. पुंगळीच्या बुडात प्रायमर बसतो, पिनेच्या ठोक्यानं पेटून आतली पावडर पेटवणारी टोपी. .45 च्या काही पुंगळ्यांना कंपन्या लहान प्रायमर घालतात, तशी एक जरी मोठ्या प्रायमरवाल्यांत मिसळली की यंत्र मधेच अडकतं. म्हणून तो रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून एकेक पुंगळी उलटी करून बघायचा, आमची आजी तांदूळ निवडायची तसा. आणि मागच्या लोखंडी कपाटात प्रायमर. हजार-हजाराची तीस खोकी. प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टी, तिच्यावर त्याच्या हातची तारीख आणि दिलेली किंमत. ‘मार्च 2016, 28 डॉलर.’ ‘मे 2018, 29 डॉलर.’

बाई म्हणाली, "याचं काय येईल ते तू ठरव. मला यातलं काही कळत नाही, आणि तू मला फसवणार नाहीस."

पैलवान, तेव्हापासून झोप नाही.

एवढी खोकी का, हे आधी सांगतो, कारण क्लबातले काही जण आता त्याला साठेबाज म्हणायला लागलेत आणि ते ऐकवत नाही. डिसेंबर 2012 ला कनेक्टिकटमधल्या शाळेत ती लहान मुलं मारली गेली. आता कायदा कडक होणार असं म्हणत 2013 मध्ये लोकांनी दुकानं रिकामी केली. .22 ची बारकी काडतुसं तर कित्येक महिने कुठं दिसेनात. त्या हंगामात म्हाताऱ्याला मॅच सोडाव्या लागल्या. माल परत आल्यावर त्यानं ठरवलं की पेन्शनमधून अधूनमधून एक खोकं घ्यायचं, दुकानात भरपूर असेल तेव्हाच आणि एका वेळी एकच. याला साठेबाजी म्हणत असतील तर तुमच्या माळ्यावरच्या वर्षाच्या गव्हालाही म्हणावं लागेल.

मग आलं 2020. महामारी, मग मे महिन्यानंतर शहराशहरांत उसळलेला गोंधळ, मग निवडणूक. दुकानातून बंदूक घेताना इथं एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते, त्या तपासण्या एका वर्षात जवळपास 4 कोटी झाल्या. नवीन बंदूक घेणारा प्रत्येक माणूस दोन-चार पेट्या गोळ्या उचलणारच. त्यात जुलैत रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. प्रायमर करणाऱ्या इथल्या मोठ्या कंपन्या चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. पहिल्या दोन व्हिस्टा आउटडोअरच्याच होत्या, रेमिंग्टनचा काडतुसांचा धंदाही त्यांनीच घेतला. म्हणजे चारांतली तीन नावं एका मालकाकडं. आणि कंपनीच्या दृष्टीनं बघ, सुटा प्रायमर विकण्यापेक्षा तो स्वतःच्या काडतुसात बसवून विकण्यात पैसा जास्त. त्यामुळं टंचाईत घरी गोळ्या भरणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात शेवटी माल येतो. लोक म्हणतात, घरी भरतोस ना, मग तुला कसली टंचाई? पुंगळी पुन्हा वापरता येते, शिसं वितळवून गोळी ओतता येते, म्हातारा ओतायचाच. पण पाच मिलिमीटरची ती पितळी टोपी घरी होत नाही, आणि तिच्यावाचून बाकी सगळं नुसतं धातूचं भंगार.

आता हिशोब ऐक, तुला आवडतो तसा पैशापैशाचा. 2019 मध्ये .45 ची 50 ची पेटी 19 डॉलरला, म्हणजे गोळी 38 सेंटला पडायची. घरी भरली तर प्रायमर 3, पावडर दीड, विकतची शिशाची गोळी 10, पुंगळी जुनीच. साडेचौदा सेंट. पावडरीच्या एका पौंडात 7000 ग्रेन असतात आणि गोळीला चारेक ग्रेन लागते, त्यामुळं तिचा खर्च कधीच फारसा नसतो. आमच्या एका पूर्ण मॅचला 270 गोळ्या, त्यांतल्या 90 .22 च्या आणि उरलेल्या 180 मी .45 च्याच मारतो. म्हणजे विकतच्या 68 डॉलरच्या, घरच्या 26 च्या. आज तीच पेटी 37-38 डॉलरला आहे, मिळाली तर. घरची भरायला प्रायमर 10 सेंट, पावडर 2, शिशाची गोळी 13. पंचवीस सेंट. मॅचचा खर्च एकीकडे 135, दुसरीकडे 45.

हे आकडे बघून गेल्या वर्षी कितीतरी लोकांनी यंत्रं घेतली. यंत्र, त्यात बसवायचे साचे, तराजू, पुंगळ्या घासायचं पिंप, सगळं धरून हजार डॉलर. गोळीमागं 50 सेंट वाचले तर दोन हजार गोळ्यांत वसूल, असं कागदावर. पण दुकानात प्रायमर आलेच तर माणशी शंभर. यंत्रं पडून राहिली. ज्याच्याकडं टंचाईच्या आधीपासून यंत्र आणि माल दोन्ही होतं, तोच सुटला.

आणि इथंच माझं आणि म्हाताऱ्याचं वाजायचं. तो म्हणायचा, माझी गोळी मला 18 सेंटला पडते, कारण प्रायमर मी 3 सेंटला घेतलाय, खोक्यावर लिहिलंय बघ. मी म्हणायचो, तो उडवलास की पुन्हा घ्यायला 10 लागणार, म्हणजे तुझी गोळी 25 चीच. तो हसून म्हणायचा, "तू दुकानदारासारखा बोलतोस." मी सांगायचो, एका दुकानदाराच्या घरात मी निम्मं लहानपण काढलंय.

आलं ना लक्षात मी कुठं चाललोय ते?

गेल्या वर्षी क्लबात जो मागेल त्याला म्हातारा खोक्यावरच्या भावानं प्रायमर देत होता. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, हजाराला 150 डॉलर चालले होते तेव्हा हा 28 ला द्यायचा. घेणाऱ्यांतल्या एकानं तेच पुढं विकल्याचं कळलं तरी त्यानं देणं थांबवलं नाही. आता क्लबाचे सेक्रेटरी म्हणतात, सगळा माल सभासदांना जुन्याच भावानं जावा, त्याची तीच इच्छा असती. दुसरीकडं एक व्यापारी तळघर बघून गेला, सगळ्याचे मिळून 1500 देतो म्हणाला, यंत्रासकट. क्लबाचा भाव धरला तर प्रायमरचे बाईला 850 च्या आसपास मिळतील. आजच्या बाजारातल्या भावानं, हजाराला 100 धरून, तीन हजारांपर्यंत. आपल्या रुपयांत सव्वादोन लाख. श्रीमंताला ही रक्कम काहीच नाही. पण तिच्या टेबलावर हॉस्पिटलची बिलं रबर लावून ठेवलेली मी पाहिली आणि घर तापवायचा खर्च आता कुठं सुरू होतोय.

2015 ची तूरडाळ आठव. किलोला 200 रुपयांवर गेली होती आणि तुझे आबा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात बसून, गोदामात आहे तोवर जुन्या भावानं देत होते. मी इथून फोन करून म्हटलं, आबांसारखा माणूस नाही. तू केवढा भडकलास! म्हणालास, "जुन्या भावानं विकून नवा माल कुठल्या पैशानं भरायचा? पाटल्या हिच्या गेल्या, तुझं काय जातंय कौतुक करायला?" त्यानंतर पुढच्या गणपतीपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. मी अजूनही म्हणतो, आबांसारखा माणूस नाही. पण वहिनींच्या पाटल्यांचं तुझं वाक्य या महिन्यात रोज माझ्या कानात आहे. आबांनी आपलं दिलं, तो त्यांचा हक्क. पाटल्या त्यांच्या नव्हत्या. म्हाताऱ्यानं 28 ला दिलं ते त्याचं होतं, तो स्वतः दार उघडून, चहा पाजून देत होता. आता ते तिचं आहे. तो मोठ्या मनाचा होता म्हणून आता तिनं नुकसान सोसावं, हे सांगणारे आम्ही कोण? चांगुलपणा वारशानं दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची वस्तू नव्हे.

तू म्हणशील, मग झोप का नाही, झालं की ठरवून. झोप नाही कारण त्या चिकटपट्ट्या. खोक्यावर त्याच्या अक्षरात 28 लिहिलेलं असताना मी त्याच्यावर दुसरा आकडा चिकटवायचा. आणि बाई म्हणाली होती की मी तिला फसवणार नाही, तेव्हा उद्या तीच म्हणाली की त्याच्याच भावानं दे, तर मी तिला समजावत बसायचं का? किती समजावायचं?

दुसरी गोष्ट भरलेल्या गोळ्यांची. शेल्फवर प्लॅस्टिकच्या डब्यांत पंधराशेच्या वर तयार गोळ्या आहेत, प्रत्येक डब्यावर तारीख, पावडर, वजन. त्या विकता येत नाहीत, विकण्यासाठी भरायला परवाना लागतो. आणि दुसऱ्यानं भरलेली गोळी कुणी मारायची नाही, हा इथला पहिला नियम. चुकून दुप्पट पावडर पडली तर पिस्तूल हातात फुटेल, पडलीच नाही तर गोळी नळीत अडकून बसेल आणि पुढची तिच्यावर आदळेल. त्याच्या हातून असं काही झालं असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी नियम तोच मला शिकवून गेला. क्लबात एकानं सुचवलं की सगळ्यांनी मिळून त्या त्याच्या नावानं मारूया. मी नाही म्हटलं. त्या एकेक करून गोळी उपसायच्या पोकळ हातोडीत घालून सुट्या करायच्या, शिसं वेगळं, पुंगळी वेगळी, पावडर बागेत पसरून टाकायची. त्याला त्या भरायला किती संध्याकाळी लागल्या असतील, आणि मी त्या ठोकून मोकळ्या करायच्या. हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

बेळगावच्या कॅम्पातली ती एक हरवलेली पुंगळी आठवली परवा. उस्तादनं सगळ्या प्लाटूनला गुडघ्यावर बसवून गवत चाळायला लावलं होतं. .22 ची एवढीशी पुंगळी, जी पुन्हा भरताही येत नाही, कारण तिचा स्फोटक मसाला कडेच्या गोठातच असतो आणि पिनेनं ती कड चेपलेली असते. ती तुझ्याच खिशात होती. नाकारू नकोस, चाळीस वर्षं होत आली तरी माझं मत बदलणार नाही.

तुझ्या नेमबाज पोरींना हे सगळं सांग. त्यांच्या .22 ला हा घरी भरायचा मार्गच नाही, आपल्याकडं घरात काडतूस भरायला बसलास तर परवाना विचारत पोलीस येतील ते वेगळंच. टोकियोत तेजस्विनी आणि राहीला पदक नाही मिळालं म्हणून त्यांनी खट्टू होऊ नये. कोल्हापूरच्या दोघी एका ऑलिंपिकमध्ये, हे काय थोडं झालं? रेंज पूर्ण उघडली का? दुकानातला गाळ निघाला म्हणालास, विम्याचं काय झालं? चिऊला परीक्षेविनाच बारावी मिळाली, आता पुढं काय घेतलं? वहिनींची कंबर कशी आहे? थोरल्याला सांग, त्याचं पत्र मिळालं, उत्तर सावकाश लिहितो.

आता मी काय ठरवलंय ते. गन शोचा भाव नाही लावायचा, त्यात टंचाईवर हात धुऊन घेणं आलं. दुकानात माल आला तर जो भाव पडतो तो, हजाराला 80. माणशी दोन खोकी, मलाही तेवढीच, त्याच भावानं. तीस खोक्यांचे 2400, सगळे तिचे. व्यापाऱ्याला यंत्र वेगळं विकू, त्याचे वेगळे येतील. घरात 10,000 च्या वर प्रायमर ठेवू नयेत असं अग्निसुरक्षेची संहिता सांगते, तेव्हा ते तळघर तसंही लवकर मोकळं व्हायला हवं. क्लबात एक कॉलेजची मुलगी आहे, म्हातारा तिला शनिवारी शिकवायचा, तिच्याकडं 80 नाहीत. तिला एक खोकं 28 ला. वरचे 52 मी भरणार. सेक्रेटरींनाही हेच सांगणार आहे: ज्याला म्हाताऱ्याच्या भावानं द्यायचं असेल त्यानं खुशाल द्यावं, फरक स्वतःच्या खिशातून घालून.

पुढच्या रविवारी तिच्यासमोर हे आकडे ठेवणार आहे. त्याआधी तुझं मत हवंय. आबांचा मुलगा म्हणून नको, पाटल्या सोडवून आणणारा म्हणून हवंय. ती जर म्हणालीच की त्याच्याच भावानं दे, तर मी गप्प बसू की वाद घालू, एवढंच सांग. शनिवारी तुझ्या संध्याकाळी सहानंतर फोन कर, इथं सकाळ झालेली असते आणि ही भाजी आणायला गेलेली असते, निवांत बोलता येईल.

आबांना नमस्कार. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा