चुलीवरच्या चवीबद्दल

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

तू ग्रुपवर टाकलेला फोटो पाहिला. हायवेवरचं हॉटेल, 'चुलीवरची मिसळ' असा बोर्ड, आणि खाली तू लिहिलेलं, 'आजीच्या हातची चव'. मिसळ छानच असेल. पण आजीने जन्मात कधी मिसळ केली नाही, आणि चुलीबद्दल ती काय बोलायची तेही तू ऐकलेलं नाहीस. म्हणून लिहायला बसले.

गावच्या घरातली चूल वैलाची होती. पुढच्या तोंडाशी जाळ, त्यावर तवा, आणि तीच धग आतून वैलाकडे जायची, तिथे आमटी रटरटायची. तेवढ्याच जळणात दोन भांडी. हे डोकं लढवून केलेलं तंत्रच होतं, पण बायकांनी मातीत केलं म्हणून त्याला कुणी तसं म्हटलं नाही. पावसाळ्यात मात्र तुराट्या भिजायच्या, गोवऱ्या सादळायच्या आणि आजी फुंकणी घेऊन बसायची. डोळे लाल. विडी कधी ओढली नाही, पण खोकला विडीवाल्याचा, असं गावचे डॉक्टर म्हणायचे. चव चांगली लागायची हे खरंय. ती चव ओसरीवर बसून जेवणाऱ्यांना लागायची. आजीचं जेवण शेवटी, तोवर भाकरी गार.

मी १९८५ साली लग्न होऊन डोंबिवलीला आले ती पितळी स्टोव्हवर. काकडा स्पिरिटमध्ये भिजवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, ज्योत निळी होऊन फुरफुरू लागली की पातेलं चढवायचं. मध्येच भोक बुजलं की पिन करायची. धूर गेला, पण रेशनच्या रॉकेलची रांग आली. रांगेत तुझे बाबा उभे राहायचे, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

स्टोव्हची दुसरी बाजू तुला कुणी सांगितली नसेल. त्या काळात पेपरात आतल्या पानावर वरचेवर एक छोटी बातमी असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली'. सासूबाई कधी भाजल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही. चाळीतल्या आम्ही सगळ्या नव्या सुना ती बातमी वाचायचो आणि त्यावर एक अक्षर बोलायचो नाही. स्टोव्ह पेटवताना तोंडाने रामरक्षा म्हणणारी एक शेजारीण होती.

गॅस मुंबईत बर्शेनच्या नावाने १९५५ पासून होता, पण आमच्यासारख्यांना नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. खासदारांच्या कोट्यातली कुपनं असायची. आमची ओळख तेवढ्या लांब पोचत नव्हती. शेवटी एकदाचा तो लाल सिलिंडर घरात आला तेव्हा बाबांनी त्याला हळदकुंकू लावलं. तुझे आजोबा आले आणि म्हणाले, गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस धरतो. आठ दिवस राहिले आणि रोज हेच म्हणाले. आजी काहीच म्हणाली नाही. दुपारी सगळे झोपल्यावर तिने दोनदा चहा करून घेतला.

मिक्सरचंही तेच. सुमीतचा मिक्सर काढणारे माथुर मुंबईतले अभियंते. बायकोचा परदेशी मिक्सर बिघडला आणि इथे दुरुस्त होईना, तेव्हा तिने नवऱ्याला म्हटलं, तूच एक कर. १९६३ साली त्यांचा कारखाना सुरू झाला. पाट्यावर ज्याला वाटण वाटावं लागत नाही, त्याला हे आपणहून सुचलं असतं का, मला शंकाच आहे.

गावी आता काकूकडेही गॅस आहे. तो चहाला आणि पाहुण्यांना. आंघोळीचं पाणी आणि रोजच्या भाकऱ्या अजून चुलीवरच, कारण सिलिंडर भरायचा तर हातात एकरकमी पैसे लागतात आणि काटक्या फुकट मिळतात. पुढच्या वेळी गेलास की चुलीचा फोटो काढण्याआधी अर्धा तास तिच्यासमोर बस, तव्यावरची भाकरी उलटत. मग काय कॅप्शन टाकायचं ते टाक.

तुमच्याकडे तर पाइपचा गॅस. रांग नाही, नंबर नाही, पिन नाही. बटण दाबलं की पेटतो. तू सातला घरी येतोस आणि मुग्धा साडेआठला. मागच्या महिन्यात चार दिवस तुमच्याकडे होते तेव्हा कुकर रोज साडेआठनंतरच लागत होता. मी तिथे बोलले नाही, कारण सासू म्हणून बोलले असते तर तिलाच लागलं असतं. तुला आई म्हणून लिहितेय. डाळ-तांदळाला तीन शिट्ट्या पुरतात, तांदूळ आधी धुऊन ठेव, आणि हळद डाळीत घाल, भातात नको.

आणखी एक. शेगडीमागच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असली तर बदलून घे. हे बाबांना विचारू नकोस, त्यांना माहीत नाही.

तुझी,
आई