दोन वायरी आणि कंसातला आकडा

सांगली, रविवार

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हिरमुसलीस. 3 साइन (2क्ष − पाय/3) या गणितात ॲम्प्लिट्यूड (मधल्या रेषेपासून लाटेची उंची) 3 आणि पिरियड (एका पूर्ण लाटेची लांबी) पाय, दोन्ही बरोबर आले. फेज शिफ्ट, म्हणजे लाट किती सरकली ते, मात्र पाय/3 लिहिलीस आणि मार्क गेला. दुकानात गिऱ्हाईक मोटर घेऊन उभं होतं, मला नीट सांगता आलं नाही.

लहानपणी तू दुकानात लाल, पिवळी, निळी वायर हातात घेऊन बसायचीस ना, त्यातच हे गणित आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 लाटा, म्हणून एका लाटेला 1/50 सेकंद. तिची उंची 230 व्होल्ट नव्हे बरं का! शिखर 325 व्होल्टांच्या आसपास असतं, ॲम्प्लिट्यूड ती. त्या तीन वायरी म्हणजे तीन फेज. पहिली फेज 325 साइन (100पाय ट), दुसरी 325 साइन (100पाय ट − 2पाय/3). ट म्हणजे सेकंद. दुसरी किती मागे? 2पाय/3 सेकंद म्हणशील तर दोन सेकंदांच्या वर होतात, तेवढ्यात शंभरावर लाटा निघून जातील. आधी 100पाय कंसाबाहेर काढ. आत उरतं (ट − 1/150). बरोब्बर एक तृतीयांश लाट.

तुझ्या गणितातही 2 बाहेर काढ: 2(क्ष − पाय/6). लाट उजवीकडे पाय/6 सरकली. पडताळा घे, तिथे कंस शून्य होतो आणि लाट वर चढू लागते. कंसात अधिक असेल तर डावीकडे. शेवटी नुसता +1 असला तर सगळी लाट एकने वर.

तिन्ही फेज एकदमच चढल्या-उतरल्या असत्या तर मोटरीत फिरतं चुंबकीय क्षेत्र झालंच नसतं. एकीमागून एक येतात, म्हणून रोटर, मोटरीचा आतला फिरणारा भाग, ओढला जातो. 2019 च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या मोटरी चिखलासकट आपल्याकडे आल्या, आठवतं? पलूसकडच्या एका मळ्यात नव्यानं वाइंडिंग भरलेली मोटर बसवली, फिरायला लागली, पण पाणी काही नीट चढेना. उलटी फिरत होती. दोन वायरींची अदलाबदल केली आणि पाणी पाटाला लागलं. त्या काकांचा चेहरा मला अजून दिसतो.

आता एकाच कागदावर तिन्ही लाटा काढ. कुठलाही एक क्षण धर आणि तिन्हींची बेरीज कर. मग दुसरा क्षण धर. काय येतं ते फोनवर सांग, मी वाट बघतोय.

आईनं भडंगाचा डबा भरलाय, शनिवारी एसटीनं पाठवतो.

तुझे बाबा