माफी मागितली, पण दप्तर उघडलं का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धर्मसंस्था सुधारतात का, यावर गेले काही दिवस आपल्या अंकात वाचकांची पत्रं येत आहेत. एका पत्रात आयर्लंडचा दाखला होता: पोपनी माफी मागितली, कायदे बदलले, तिथल्या कॅथलिक चर्चनं कात टाकली, आता जुनं उकरून काढू नये. त्यावर आणखी कुणी लिहिलं की अशा संस्था कधीच सुधारत नसतात, फक्त सोंग आणतात. मी मूळची मिरजेची, पेशानं नर्स. शिक्षण मिरजेत झालं, काही वर्षं सौदीत काढली आणि आता बराच काळ डब्लिनमध्ये वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात काम करते. दोन्ही पत्रं मला अर्धवट वाटली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लांबलं तर काटछाट करावी, पण आकडे कापू नयेत.

इथल्या चर्चची पकड कसली होती हे आधी सांगायला हवं. १९५१ साली आरोग्यमंत्री नोएल ब्राऊन यांनी बाळंतिणींसाठी आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत वैद्यकीय सेवेची योजना आणली. बिशपांनी ती हाणून पाडली. मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आईबापांची, त्यात सरकारनं पडू नये, असं त्यांचं म्हणणं. मंत्रिमंडळातलं कुणी पाठीशी उभं राहिलं नाही आणि ब्राऊन यांना राजीनामा द्यावा लागला. गर्भनिरोधकांच्या विक्रीवर १९३५पासून बंदी होती. १९७९च्या कायद्यानं ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळू लागली आणि चिठ्ठीची अट जायला १९८५ उजाडलं. घटस्फोट १९९५च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजार मतांनी मंजूर झाला. बहुतेक शाळा आणि कितीतरी दवाखाने, अनाथालयं चर्चच्या हाती. म्हणजे बाप्तिस्मा, शाळेतला प्रवेश, लग्न, बाळंतपण आणि दफन या प्रत्येक ठिकाणी तोच दरवाजा.

आणि त्या दरवाजाआड मॅग्डालेन धुलाईघरं होती. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, अनाथालयातून मोठ्या झालेल्या, कुणाच्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुली तिथं ठेवत. नन्सच्या देखरेखीखाली त्या हॉटेलांचे, दवाखान्यांचे, सरकारी खात्यांचे कपडे धूत, आणि मजुरी मिळत नसे. अनेकींची नावंसुद्धा बदलली जात. १९२२पासून १९९६पर्यंत अशा सुमारे दहा हजार बाया तिथं गेल्या, हे सरकारी चौकशीत २०१३ साली नोंदवलं गेलं. चारातली एक सरकारी यंत्रणेनंच पाठवलेली होती, हेही. शेवटचं धुलाईघर बंद झालं ते १९९६ साली. तेव्हा मी मिरजेत शिकत होते, इतकी अलीकडची ही गोष्ट आहे.

अशा एका आजींची शुश्रूषा मी केली आहे. त्यांचं नाव, गाव, कुठल्या धुलाईघरात होत्या, काहीच सांगणार नाही. २०१३मध्ये सरकारनं भरपाईची योजना काढली. किती काळ आत होतात त्यावर रक्कम ठरणार होती, साडेअकरा हजार युरोपासून एक लाखापर्यंत. पण किती काळ होतात, हे दाखवायला कागद हवा. आणि कागद कुणाकडे? ज्यांनी ठेवून घेतलं त्यांच्याच दप्तरात. आजींना आपला काळ ऋतूंवरून आणि कोण मुलगी आधी गेली, कोण नंतर आली, यावरून आठवत होता. रजिस्टरमध्ये त्यांच्या स्वतःच्या नावानं काही सापडेना, कारण आत त्यांना दुसरंच नाव दिलेलं होतं. आमच्याकडच्या समाजसेविकेनं पत्रामागून पत्रं लिहिली. उत्तरं सभ्य भाषेत येत, प्रत्येक उत्तरात दुःख व्यक्त केलेलं असे आणि नोंद मात्र नसे. शेवटी ती निघाली, पण आजींनी सांगितलेल्यापेक्षा कमी काळाची. त्यांनी ती मान्य केली. भांडायला अंगात बळ उरलं नव्हतं.

त्याच मजल्यावर एक वृद्ध नन राहत. शिक्षिका होत्या, धुलाईघराशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, स्वभावानं अतिशय गोड. आजी त्यांच्यासोबत एका खोलीत जेवायला बसत नसत, म्हणून आम्ही दोघींच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या ठेवल्या. नन्सची सेवाही मी तितक्याच मायेनं करते आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी आयुष्यभर गरिबांसाठी कष्ट उपसले, हे मला ठाऊक आहे. माझ्या सोबतच्या निम्म्या नर्स केरळच्या, श्रद्धावान. इथल्या ओस पडत चाललेल्या चर्चमध्ये रविवारी त्यांच्यामुळेच पोरांचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझा प्रश्न संस्थेबद्दलचा आहे.

आता सविताबद्दल. सविता हलप्पनवार बेळगावची, दंतवैद्य, वय ३१. ऑक्टोबर २०१२मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा सतरावा आठवडा होता. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलेलं होतं. तिनं गर्भपाताची विनंती केली. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं तिला सांगितलं गेलं होतं, हे असं म्हणणाऱ्या सुईणीनंच मृत्यूच्या चौकशीत कबूल केलं. माझी मावशी बेळगावची. त्या दिवसांत तिचे मला सारखे फोन, “तू असल्या ठिकाणी काम करतेस?” एक नर्स म्हणून मला जे हलवून गेलं ते असं: ते रुग्णालय सरकारी होतं. त्या वॉर्डात कुणी पाद्री उभा नव्हता, कुणी बिशपनं फोन केला नव्हता. गरजच उरली नव्हती. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या १९८३च्या घटनादुरुस्तीनं चर्चची शिकवण देशाच्या राज्यघटनेत गेली होती आणि तिथून ती आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी आली होती. संस्था मागे हटली तरी तिनं घालून दिलेली वळणं अशी मागे राहतात.

२५ मे २०१८ रोजी सार्वमतात ६६ टक्के मतांनी लोकांनी ती दुरुस्ती रद्द केली. बेळगावहून सविताच्या आईवडिलांनीही तसं आवाहन केलं होतं. हे लोकांनी केलं. चर्चनं शेवटपर्यंत विरोधच केला. तेव्हा ‘कायदे बदलले म्हणजे चर्च सुधारलं’ हे त्या पत्रलेखकांचं म्हणणं मला मान्य नाही. लोकांनी पकड सोडवली याचं श्रेय पकडणाऱ्याला कसं देणार? जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०११मध्ये ८४ टक्के होते, २०२२मध्ये ६९. हाही लोकांचाच निर्णय.

पण ‘कधीच सुधारत नाहीत’ हेही मला मान्य नाही, आणि त्याला कारण डब्लिनचे आधीचे आर्चबिशप डायरमिड मार्टिन. डब्लिनमधल्या पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाला त्यांनी आपल्या कार्यालयातले हजारो कागद देऊन टाकले. त्यांच्या आधीचे आर्चबिशप कार्डिनल डेस्मंड कॉनेल २००८ साली त्यांतले काही रोखायला कोर्टात गेले आणि टीका झाल्यावर अर्ज मागे घेतला. नोव्हेंबर २००९मध्ये अहवाल आला. वरिष्ठांनी संस्थेचं नाव जपण्यासाठी मुलांना वाऱ्यावर सोडलं होतं, हे त्यांच्याच कागदांवरून सिद्ध झालं. २०११मध्ये मार्टिन यांनी डब्लिनच्या मुख्य चर्चमध्ये पीडितांचे पाय धुतले, त्याचे फोटो जगभर गेले. मला त्याहून मोठे वाटतात ते कागद. आपल्याच लोकांचं नुकसान होणार हे दिसत असताना त्यांनी ते दिले. चर्चमधल्या आपल्याच माणसांत ते एकटे पडत गेले; आधीच्या आर्चबिशपना मिळालेलं कार्डिनलपद त्यांना दिलं गेलं नाही. धर्मसंस्थेतला माणूस खरोखर बदल करू शकतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण तो एका माणसाचा होता, आणि संस्थेनं त्याला डोक्यावर घेतलं नाही हेही त्याच पुराव्यात आलं.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगते. अनाथालयांतल्या आणि औद्योगिक शाळांतल्या (म्हणजे गरीब, निराधार मुलांना ठेवायच्या निवासी संस्थांतल्या) मुलांच्या भरपाईसाठी २००२ साली नन्स आणि ब्रदर्सच्या धार्मिक संघांनी सरकारशी १२.८ कोटी युरोंचा करार केला. पूर्ण खर्च दीड अब्जांच्या घरात गेला आणि फरक करदात्यांनी भरला, त्यात माझाही कर आला. धुलाईघरं चालवणाऱ्या चारही संघांनी तिथल्या बायांच्या भरपाईत एक युरोही घातला नाही. आजींना मिळालेली रक्कम सरकारी तिजोरीतली होती.

ट्युअम गावचं मात्र लिहायलाच हवं. तिथल्या माता-बाल आश्रमात, म्हणजे अविवाहित माता आणि त्यांची मुलं ठेवत त्या ठिकाणी, १९२५ ते १९६१ या काळात वारलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूचे दाखले कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकेक करून, प्रत्येकी चार युरो पदरचे भरून, निबंधकांकडून मिळवले. जवळपास कुणाच्याच दफनाची नोंद नव्हती. तिथल्या जुन्या सांडपाण्याच्या बांधकामात मुलांचे अवशेष असल्याचं अशा आश्रमांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानं २०१७ साली जाहीर केलं. आश्रम चालवणाऱ्या बॉन सेकूर सिस्टर्सनी जानेवारी २०२१मध्ये माफी मागितली, उत्खननासाठी पंचवीस लाख युरो दिले आणि पुढं भरपाईसाठी जवळपास १ कोटी ३० लाख देऊ केले. जुलै २०२५मध्ये खोदकाम सुरू झालं. हा संघ निदान पैशापर्यंत आला. बाकीच्या बहुतेक संघांनी तेही केलेलं नाही. फरक कबूल करायला हवा आणि मी करते. पण ७९६ दाखले काढायचं काम खरं तर कुणाचं होतं, हे कुणी विसरू नये.

आपल्याकडंही जातपंचायती बरखास्त केल्याच्या बातम्या येतात, सत्काराचे फोटो छापून येतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. फार चांगलं झालं. पण ज्यांना वाळीत टाकलं होतं त्या घरांची यादी पंचांनी जाहीर केली का? दंड म्हणून उकळलेले पैसे परत दिले का? बातमीदारांनी फोटो काढायच्या आधी एवढे दोन प्रश्न विचारावेत, ही आपल्या वृत्तपत्राला माझी आग्रहाची विनंती आहे.

इथलं काम संपलेलं नाही. आजही जवळपास नव्वद टक्के प्राथमिक शाळांचं पालकत्व कॅथलिक चर्चकडे आहे. बाप्तिस्मा झालेल्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम देणं २०१८च्या कायद्यानं या शाळांना बंद केलं, म्हणून तर माझ्या मुलीला घराजवळ प्रवेश मिळाला. आता ती दुसरीत जाईल. त्या वर्षी वर्गात प्रथम कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी चालते, शाळेच्याच वेळेत, कितीतरी दिवस. ज्यांना ती नको अशी मुलं मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसतात. ही तयारी शाळा सुटल्यावर चर्चमध्ये घ्यावी, ज्यांना हवी त्यांनी आनंदानं जावं, असा लेखी अर्ज आम्ही काही पालकांनी शाळेच्या व्यवस्थापन मंडळाकडे दिला आहे. अर्जावर तीन आयरिश कॅथलिक आयांच्याही सह्या आहेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो चर्चेला येणार आहे.

आपली,
एक मिरजकर परिचारिका, डब्लिन
(नोकरीच्या कारणानं नाव छापू नये, ही विनंती.)