डिझेलचा हिशेब खेपेवर मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांतून गाळ काढण्याची कामे सुरू होतात आणि पोकलेन फार डिझेल पिते ही तक्रार गावोगावी ऐकू येते. गोसीखुर्दच्या कालव्यावर मदतनीस म्हणून लागलो, आज दोन पोकलेन आणि काही टिप्पर भाड्याने देतो. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, मशीन तासाला किती लिटर घेते हा प्रश्नच अपुरा आहे; एक खेप भरायला किती डिझेल लागले, हे विचारले पाहिजे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या तालुक्यातील एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर माझे वीस टनी मशीन होते. चार ब्रासचा टिप्पर भरायला त्याला सुमारे ४ मिनिटे लागत, तर गाळ शेतात टाकून टिप्पर परत यायला २० मिनिटे. मशीन सलग चालायचे तर ६ टिप्पर हवे होते. कामावर होते ४. त्यामुळे दर तासातली २० मिनिटे मशीन इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहायचे. भरताना ते तासाला साधारण १४ लिटर घेते, उभ्याने ३ लिटर. म्हणजे ४ टिप्परवर तासाला सुमारे १०.३ लिटरमध्ये १० खेपा निघाल्या. ६ टिप्पर असते तर १४ लिटरमध्ये १५ निघाल्या असत्या. तासाचा आकडा पाहणाऱ्यांनी डिझेल कमी लागते म्हणून समाधान व्यक्त केले. प्रत्यक्षात खेपेमागे दहा टक्क्यांहून अधिक डिझेल जास्त जळत होते आणि तासाचे तेच भाडे कमी खेपांवर पडत होते. पाऊस आला तेव्हा तलावाचा खालचा भाग तसाच राहिला. ज्या शेतकऱ्यांनी गाळासाठी बांध मोकळे करून ठेवले होते, त्यांना मी काय उत्तर द्यावे?

काटकसर म्हणजे मशीन हळू चालवणे, हाही असाच एक गैरसमज आहे. मऊ गाळात पॉवर मोडची, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात चालवण्याची, गरज नसते, तिथे कमी जोराच्या इकॉनॉमी मोडवर खेपांत फारसा फरक पडत नाही आणि डिझेल निश्चित वाचते. पण कडक मुरमात तोच मोड ठेवला तर बकेट अडते, एकाच घासासाठी दोनदा जोर लावावा लागतो आणि वाचवलेले डिझेल तिथेच जाते. बकेटचे दात झिजलेले असतील तर कोणताच मोड उपयोगाचा नाही. जाणता ऑपरेटर मशीन टिप्परपेक्षा थोड्या उंच थरावर उभे करतो आणि टिप्पर अशा बेताने लावून घेतो की बूम (मशीनचा लांब हात) अर्ध्या वर्तुळाऐवजी पाव वर्तुळातच फिरावा. दिवसाकाठी शेकडो वेळा होणाऱ्या या हालचालीत दोन-चार सेकंद वाचले, तरी संध्याकाळच्या खेपांत ते दिसून येतात.

वाहतुकीच्या रस्त्याकडे तर कोणीच पाहत नाही. आमच्या काळ्या मातीत टिप्परचे चाक इंचभर रुतले, तरी गाडीला सुमारे दीड टक्का चढ चढण्याइतका जास्त जोर लागतो. रोज सकाळी अर्धा तास ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) फिरवून वर मुरूम टाकला, तर त्याचा खर्च टिप्परच्या डिझेलमधून भरून निघतो. तरीही हा खर्च अनाठायी समजून सर्वांत आधी छाटला जातो.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ऑपरेटर जेवणाच्या सुटीतही इंजिन चालू ठेवून एसी केबिनमध्ये बसतात, याबद्दल त्यांना दोष देणे मला पटत नाही. पारा ४५ अंशांवर असताना कामाच्या जागी सावलीचा मांडव आणि थंड पाण्याचा माठ नसेल, तर माणूस दुसरे काय करणार? काम थांबल्यावर टर्बो (इंजिनात जास्त हवा भरणारा भाग) थंड होण्यासाठी तीन-चार मिनिटे पुरतात. त्यानंतर इंजिन बंद करता येते. उत्सर्जनाचे कडक निकष १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यावर बाजारात नवी इंजिने आली आहेत, पण टिप्परची वाट पाहत उभे राहणारे नवे मशीनही डिझेल जाळतेच.

म्हणून गाळ काढणे आणि पाणंद रस्त्यांची कामे पाहणाऱ्या विभागांना माझी विनंती आहे की, देयक केवळ तासांवर काढू नये. रोजच्या नोंदवहीत तास, लिटर आणि खेपा हे तिन्ही आकडे ऑपरेटर व ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी यांच्या सह्यांनिशी लिहिले जावेत. ऑपरेटरला बक्षीस द्यायचे तर ते खेपेमागच्या लिटरवर द्यावे, नुसत्या वाचवलेल्या डिझेलवर दिल्यास तो काम रेंगाळत ठेवील. येत्या हंगामाच्या अंदाजपत्रकात वाहतुकीचे अंतर आणि त्यानुसार लागणाऱ्या टिप्परची संख्या आधीच नमूद करावी, आणि तेवढे टिप्पर हजर झाल्याशिवाय पोकलेन तलावात उतरवू नये.

आपला,
एक यंत्रधारक वाचक,
जि. भंडारा